तीन बोटं गेली, आता कोणतं काम धरू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर लक्षात येईल. वय ३२, आयटीआय फिटर. चाकणला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून भाग बनवणारा विभाग) नऊ वर्षं, त्यातली शेवटची चार डाय सेटर, म्हणजे प्रेसवर साचा बसवणारा म्हणून, पण ठेकेदाराच्या हजेरीवर. पगार १८,०००. चार महिन्यांपूर्वी डाय बसवताना उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी अशी तीन बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि तर्जनी शाबूत आहेत. कामाचा हात उजवाच. ठेकेदार म्हणतो, हिशेब घे आणि सही कर. सुपरवायझर म्हणतो, गेटवर बसवतो. मेहुणे म्हणतात, रिक्षा घे. तुम्ही स्वतः डेटा एन्ट्रीचा क्लास लावायच्या विचारात आहात. यातलं काय निवडू, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातले यंत्रात हात सापडलेले कामगार हे माझ्या रोजच्या कामातले लोक. टाके निघाल्यावर डॉक्टरांचं बरंचसं काम संपतं आणि आमचं सुरू होतं. हात पुन्हा वापरात आणायचा आणि माणूस पुन्हा कामावर उभा करायचा, हे ते काम. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्यासमोरचे चारही पर्याय गेलेल्या बोटांकडे बघून सुचवलेले आहेत. हात गेला म्हणून गेटवर बस, मशीन नको म्हणून रिक्षा, जड काम नको म्हणून कॉम्प्युटर. नऊ वर्षांत तुम्ही काय शिकलात, हे त्यांत कुणीच विचारलेलं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. कागदपत्रांची कामं आता, याच महिन्यात करायची आहेत. कामधंद्याचा निर्णय मात्र अजून काही महिने लांबवायचा आहे. घाबरलेल्या घरात बहुतेक वेळा उलटं होतं. कागद राहून जातात आणि धंदा घाईत ठरतो.

आधी हाताबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. हात दोन तऱ्हेने धरतो. एक चिमट, म्हणजे अंगठा आणि तर्जनीची पकड. पेन, सुई, चावी, स्क्रू, माउस, मोबाईल हे सगळं चिमटीचं काम, आणि ते तुमच्याकडे जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. दुसरी मूठ. हातोडी, मोठा पाना, पाण्याने भरलेली बादली यांचं वजन करंगळी आणि अनामिका पेलतात. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण करंगळी सगळ्यांत लहान. पण हातोडी हातातून निसटू न देण्याचं काम तीच करते. तुमची मूठ गेली आहे, चिमट राहिली आहे. पुढचं कोणतंही काम निवडताना हाच प्रश्न विचारायचा: हे काम चिमटीचं आहे की मुठीचं?

चौथ्या महिन्यात हात अजून ठरलेला नसतो. कापलेल्या टोकांवर नुसता शर्ट घासला तरी कळ येते, थंडीत ठणका वाढतो, नसलेल्या बोटात मुंग्या आल्यासारखं वाटतं. हे सगळं होतं आणि बऱ्याच जणांचं ओसरत जातं. टोकांची भीती मोडण्यासाठी आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या भांड्यात हात फिरवणं, असं दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी पाचेक मिनिटं करायचं. कंटाळवाणं आहे, पण ज्यांनी ते केलं नाही ते वर्षभराने हात खिशात घालून आलेले मी बघते. पकडीची ताकद साधारण वर्षभर वाढत राहते. तुमच्या थेरपिस्टला सांगून दर महिन्याला दोन्ही हातांची पकड डायनॅमोमीटरवर मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहा. लागोपाठ तीन महिने आकडा तिथेच राहिला, तर हात ठरला असं धरून चालायला हरकत नाही. त्याआधी भांडवल गुंतवू नका आणि लांबच्या कोर्सची फी भरू नका.

काही गोष्टी मात्र इथे बसून ठरवता येत नाहीत. टोकाशी नसेची गाठ झाली असेल तर हात लावला की विजेसारखा झटका बसतो, आणि मग सर्जनला पुन्हा दाखवावं लागतं. तर्जनी दिसायला शाबूत असली तरी ती पूर्ण वाकते का, तिच्या टोकाला संवेदना आहे का, हे मला माहीत नाही. यंत्रात हात दाबला जातो तेव्हा शेजारचं बोटही बऱ्याचदा ताठरतं. तर्जनी आखडलेली असेल तर मी खाली जे लिहितेय त्यातलं बरंच बदलेल.

आता कागद. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात होता, हे तुम्ही लिहिलंय. ठेकेदाराचे कामगार असलात तरी विमा तुमच्या नावावर आहे. उपचार सुरू आहेत तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे पगाराच्या ९० टक्के, मिळायला हवा. तुमच्या बाबतीत तो महिन्याला सुमारे १६,२०० होतो. त्यासाठी मालकाकडून अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलेला असला पाहिजे. तो गेलाय का आणि त्यात अपघात कामावर असताना, मशीनवर झाला असं स्पष्ट लिहिलंय का, हे स्वतः शाखेत जाऊन बघा. 'घरी पडून लागलं' असं लिहिलेले कागद मी पाहिले आहेत, आणि ते नंतर दुरुस्त करायला फार त्रास पडतो.

अंतिम प्रमाणपत्राची घाई करू नका. ते झालं की ९० टक्क्यांचा हप्ता थांबतो आणि मेडिकल बोर्ड कमाईच्या क्षमतेत कायमची किती घट झाली ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची तीन बोटं गेल्यास ३० टक्के लिहिलेले आहेत. मग पेन्शन बसते पगाराच्या ९० टक्क्यांच्या ३० टक्के: १८,००० चे १६,२००, त्याचे ४,८६०. एवढी रक्कम दरमहा, आयुष्यभर. दुसरी नोकरी धरलीत तरी ती बंद होत नाही. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक रुग्णाला दोनदा सांगते, कारण 'कामाला लागलो तर पेन्शन जाईल' या भीतीने चांगली कामं सोडणारी माणसं आहेत. बोर्डाचा निकाल पटला नाही तर तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआयचा १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्यामुळे 'तो कायदाच आता राहिला नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. कायद्याचं नाव बदललंय, तुमचा हक्क संपलेला नाही.

तक्त्यातल्या त्या आकड्याबद्दल थोडं. त्यात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, अनामिकेला किंवा करंगळीला प्रत्येकी ७. हातोडी धरणाऱ्या माणसाला करंगळी ७ टक्क्यांची नसते. म्हणजे हा आकडा पेन्शन ठरवण्यासाठी आहे, तुम्ही किती उरलात ते ठरवण्यासाठी नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावरचा, म्हणजे यूडीआयडी कार्डावरचा आकडा तर आणखी वेगळा. तो वेगळ्या नियमांनी आणि वेगळ्या डॉक्टरांकडून निघतो. सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण ४० टक्के आणि त्यावरच्या अपंगत्वालाच लागू आहे. तुमचा हात ४० च्या खाली भरण्याची शक्यता धरूनच बेत आखा. कार्डासाठी अर्ज जरूर करा, पण 'आरक्षणातून सरकारी नोकरी लागेल' यावर घर चालवू नका.

ठेकेदाराचा कागद. सही करण्याआधी त्यात 'स्वेच्छेने राजीनामा' असे शब्द आहेत का ते बघा. बहुतेक असतात. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून कमी करता येत नाही, दुसऱ्या समकक्ष पदावर घ्यावं लागतं, हे संरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण ते सरकारी आस्थापनांपुरतं. खासगी कारखान्यात तुम्हाला ते मागून आणि बोलून मिळवावं लागतं, आणि राजीनामा दिलेल्या माणसाला मागायला जागा उरत नाही. ग्रॅच्युइटीचंही विचारा. एरवीची पाच वर्षांची अट अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर लागत नाही, आणि तुमची तर नऊ वर्षं झाली आहेत. ठेकेदार मध्ये बदलले असतील तर जुने पगाराचे कागद आणि पीएफचं पासबुक शोधून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात औद्योगिक कामगाराला आणि दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो. कागद आधी त्यांना दाखवा.

आता पर्याय. रिक्षापासून सुरुवात करते, कारण पैसे त्यात बुडू शकतात. रिक्षाच्या हँडलची उजवी मूठ म्हणजे ॲक्सिलरेटर. दिवसभर, वाहतूक कोंडीत, ती मूठ पिळून धरायची असते. नेमकं तेच तुमच्या हातात राहिलेलं नाही. अंगठा आणि तर्जनीवर ते ओझं टाकलं तर अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखायला लागेल आणि शिल्लक असलेली चिमटही धोक्यात येईल. वाहतूक परवान्याची वैद्यकीय तपासणी वेगळीच. मेहुण्यांची कळकळ खरी आहे, पण हा सल्ला तुमच्या हाताला लागू पडत नाही.

गेटवरच्या कामाला मी कमी लेखत नाही. उपचार चालू असताना, घरात बसून मन खचत असेल तर दोन-तीन महिन्यांचा मुक्काम म्हणून ते ठीक आहे, फक्त हजेरी त्याच कंपनीत राहावी आणि पद बदलल्याचा कागद मिळावा. ही गेटवरची नेमणूक तात्पुरती आहे असं लेखी घ्या. बारा-बारा तास तिथे बसून वर्षं निघून जातात आणि हातातलं कसब कुणाच्या लक्षातही राहत नाही.

डेटा एन्ट्री तुमच्या हाताला जमेल. उजव्याची दोन बोटं आणि डावा पूर्ण हात एवढ्यावर टायपिंगचा बऱ्यापैकी वेग येतो. प्रश्न हाताचा नाही, स्पर्धेचा आहे. तिथे तुम्ही बावीस वर्षांच्या पदवीधराशेजारी शून्यावर उभे राहाल. प्रेस शॉपमध्ये तुम्ही शून्यावर नाही. कॉम्प्युटर शिकाच, एक्सेल नीट शिका, पण ते तुमच्या मुख्य कामाच्या जोडीला.

मग मुख्य काम कोणतं? ते काढायची माझी एक पद्धत आहे. अपघाताच्या आदल्या दिवसाची शिफ्ट आठवा आणि आल्यापासून सुटेपर्यंत काय काय केलंत ते ओळीने कागदावर लिहा. बायकोला समोर बसवून सांगत लिहिलंत तर आणखी चांगलं, कारण ती 'म्हणजे काय?' असं विचारेल आणि तुम्हाला उलगडून सांगावं लागेल. डाय सेटर म्हणून तुमची यादी साधारण अशी निघेल: डाय रॅकवरून आणून प्रेसवर चढवणं, क्लॅम्प आवळणं, शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावरची उंची) जुळवणं, पट्टीचं फीडिंग बघणं, फर्स्ट पीस काढून मोजणं, पीसच्या कडेला बर (खरखरीत कंगोरा) कशामुळे येतोय ते ओळखणं, आवाजावरून पंच बोथट झाला की क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) बिघडला ते सांगणं, नव्या ऑपरेटरला समजावणं, रिजेक्शन लिहिणं. आता प्रत्येक ओळीसमोर खूण करा: मूठ, चिमट, डोळा-कान, की डोकं. मुठीच्या ओळी दोन-तीनच निघतात. चढवणं आणि आवळणं. बाकीचं सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं आहे, आणि कंपनी पगार जास्त करून त्याचाच देत होती.

त्या यादीतून सगळ्यांत जवळची वाट निघते ती क्वालिटीची. इनकमिंग, इनप्रोसेस किंवा फायनल इन्स्पेक्शन. ज्याने स्वतः डाय बसवली आहे तो इन्स्पेक्टर पीस बाद करून थांबत नाही, तो का बाद झाला ते सांगतो, आणि लाइनवर अशा माणसाची किंमत असते. इथे हाताची एक अडचण येते ती आधीच सांगून ठेवते. आपण मायक्रोमीटर एका हातात धरतो तेव्हा त्याची फ्रेम करंगळीने किंवा अनामिकेने तळव्याशी अडकवतो आणि अंगठा-तर्जनीने थिंबल (त्याचा फिरता भाग) फिरवतो. तुमच्याकडे फिरवणारी बोटं आहेत, अडकवणारी नाहीत. उपाय सोपा आहे: मायक्रोमीटर स्टँड. त्यात फ्रेम पकडून ठेवायची, डाव्या हाताने पीस धरायचा आणि उजव्याने फिरवायचं. व्हर्नियरचा सराव डाव्या हातात सुरू करा, आजपासून, घरी चमचे-वाट्या मोजत. हाइट गेज आणि डायल गेज टेबलावरच असतात, त्यांचा त्रास नाही. पुढे सीएमएम (कॉम्प्युटरवर मापं घेणारं) मशीन शिकलात तर तिथे जॉयस्टिक आणि कॉम्प्युटरच आहे. ड्रॉइंगवरची जीडी अँड टी ची, म्हणजे आकार आणि मापात किती फरक चालेल ते दाखवणारी चिन्हं वाचायला येणं ही या वाटेवरची पहिली पायरी. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी या विषयांचं प्रशिक्षण मिळतं.

दुसरी वाट शिकवण्याची. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असलेल्याला निदेशक होण्यासाठी सीआयटीएस हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. मुंबईत चुनाभट्टीला त्याची केंद्र सरकारची संस्था आहे. फिटर निदेशकाला फाइलिंगसारखी कामं हाताने करून दाखवावी लागतात, तेव्हा प्रवेशाआधी तिथे जाऊन हात दाखवा आणि प्रात्यक्षिकाचं विचारून घ्या. खासगी आयटीआयमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, तेही लक्षात ठेवा. पण नव्या ऑपरेटरला समजावणं हे काम आपल्याला आवडायचं असं तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय, म्हणून हे सुचवते.

स्टोअर, टूल क्रिब (हत्यारं ठेवण्याची-देण्याची खोली) आणि डाय मेंटेनन्सचं नियोजन ही तिसरी. सेफ्टी ऑफिसरचा विचार डोक्यात असेल तर त्याला पदविका किंवा पदवी लागते, नुसत्या आयटीआयवर होत नाही. कुणी तसं सांगून फी मागत असेल तर सावध राहा.

पगाराचा हिशेब इथे पेन्शनसकट मांडा. इन्स्पेक्शनमध्ये सुरुवातीला १४,००० देतो म्हणाले तर तो आकडा ऐकून मन खट्टू होईल. त्यात ४,८६० मिळवा: १८,८६०. म्हणजे घर चालतंय आणि तुम्ही पुढे वाढू शकणाऱ्या जागेवर आहात. त्या पेन्शनचा माझ्या मते सर्वांत चांगला उपयोग हाच. शिकायच्या एक-दोन वर्षांत कमी पगार परवडू देण्यासाठी ती वापरायची.

कुठलंही काम पक्कं करण्याआधी ते आठवडाभर करून बघा. नुसतं 'जमलं' एवढं पुरत नाही. संध्याकाळी हात सुजतो का, रात्री ठणकतो का, दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच काम तेवढ्याच वेळात होतं का, हे लिहून ठेवा. पहिल्या दिवशी उत्साहात सगळ्यांनाच जमतं, मी तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या नोंदी बघते.

एका गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मी विचारणार. प्रेसचा आवाज आला की काय होतं? छातीत धडधड, घाम, रात्री तोच क्षण पुन्हा दिसणं, हे असेल तर त्याला भित्रेपणा म्हणू नका. हा अपघाताचाच भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. इन्स्पेक्शनचं टेबल त्याच लाइनला लागून असेल तर हे आधी पाहावं लागेल. काहींना दोन-चार महिन्यांत आवाज सहन व्हायला लागतो, काहींना वेगळा विभाग किंवा दुसरी कंपनीच बरी पडते, आणि दोन्ही ठीक आहे. ईएसआयच्या डॉक्टरांकडून मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलाखतीला हात लपवून जाऊ नका. बसल्या बसल्या हात टेबलावर ठेवा आणि दोन वाक्यांत सांगा: मूठ आवळायचं काम होणार नाही, मोजमाप, लिहिणं, सेटिंग तपासणं होईल, हवं तर आत्ता पीस द्या. समोरच्याला अडचण वाटत असते ती न विचारलेल्या प्रश्नाची. सिलिकॉनची कृत्रिम बोटं मिळतात, आणि कामावरच्या इजेसाठी कृत्रिम अवयव ईएसआयकडून मिळू शकतात. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र किंवा मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था इथे चौकशी करता येईल. दिसण्यासाठी आणि अंगठ्याला टेकू म्हणून ती बरी, मुठीची ताकद त्यातून येत नाही. लग्नकार्यात घालावीशी वाटली तर जरूर घाला.

क्रम पुन्हा सांगते. या आठवड्यात शाखा कार्यालयात फॉर्म १२ बघा आणि ठेकेदाराचा कागद वकिलाला दाखवा. या महिन्यात पकड मोजून घ्या आणि शिफ्टची यादी लिहा. सुपरवायझरला एक साधा लेखी अर्ज द्या, की उपचार संपल्यावर इन्स्पेक्शन किंवा टूल क्रिबमध्ये काम मिळावं, आणि पोच घ्या. रिक्षा आणि क्लास, दोन्हींचे पैसे तूर्त तसेच राहू द्या.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात: तर्जनीचं टोक तळव्याला टेकतं का, डोळे मिटून तर्जनीने एक आणि पाच रुपयांचं नाणं वेगळं ओळखता येतं का, आणि दोन्ही हातांच्या पकडीचा आकडा. ते कळवा, आणि जमलं तर ती शिफ्टची यादीही पाठवा. मी ओळीने बघून सांगेन.